झुलीआधी वैरण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पारा उतरू लागला की घोडे पाळणाऱ्याला भेटेल तो एकच प्रश्न विचारतो : झूल घातली का? आपल्याला हुडहुडी भरते तेव्हा घोड्यालाही भरत असणार, या समजुतीतून हा प्रश्न येतो. त्यामागची माया खरी आहे, समजूत मात्र चुकीची आहे. निरोगी, अंगाने भरलेला आणि हिवाळी केस पुरते आलेला प्रौढ घोडा कोरडा असेल, वाऱ्याच्या आडोशाला असेल, तर उणे १० अंश सेल्सिअसपर्यंत ऊब टिकवण्यासाठी त्याच्या शरीराला वेगळी ताकद खर्चावी लागत नाही. कडक थंडीला सरावलेल्या घोड्यांत ही सीमा उणे १५ पर्यंतही जाते. तोच घोडा उन्हाळी, आखूड केसांचा असेल किंवा चिंब भिजलेला असेल, तर अधिक ५ अंशांतच त्याला थंडी बाधू लागते. अधिक ५ ते उणे १५ हे वीस अंशांचे अंतर कोणतीही झूल न वापरता भरून काढता येते. ते भरते वैरण, कोरडेपणा, आडोसा आणि पाणी या चार गोष्टींनी. यांतले एक जरी निसटले, तरी झूल न घालणे म्हणजे निव्वळ हयगय ठरते. 'घोडा मुळात रानातलाच' असे म्हणून हात झटकणाऱ्यांसाठीही म्हणूनच हे पत्र आहे.

सुरुवात पोटापासून करू, कारण ऊब तिथेच तयार होते. घोड्याच्या आतड्याचा मागचा भाग, म्हणजे अंधनाल आणि मोठे आतडे, हा शंभराहून अधिक लिटर मावणारा आंबवण्याचा हौद आहे. तिथले सूक्ष्मजीव गवतातला चोथा आंबवतात आणि त्या कामात उष्णता सुटते. धान्याचे तसे नाही. त्यातला पिष्टमय भाग लहान आतड्यात पचतो, लवकर पचतो आणि त्या मानाने कमी उष्णता देतो. 'थंडी आहे, चंदी वाढवा' हा सल्ला म्हणूनच उलटा आहे. एका वेळी दोन किलोपेक्षा जास्त धान्य दिले तर न पचलेला पिष्टमय भाग मागच्या आतड्यात उतरतो, तिथे आम्ल वाढते आणि पोटशूळ किंवा खुरांचा दाह, म्हणजे लॅमिनायटिस, होण्याची वेळ येते. ऊब हवी असेल तर वाढवायचे ते गवत.

किती वाढवायचे, याचा अंदाज डोळ्यांनी घेऊ नये. आधी वजन काढावे. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, बांधतो तिथून, कोपराच्या लगेच मागून, छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजावा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी मोजावी. घेराला घेराने गुणावे, त्याला लांबीने गुणावे आणि ११,८७७ ने भागावे. येते ते किलोमधले वजन. घेर १८० आणि लांबी १६५ असेल तर घोडा ४५० किलोचा. रोजच्या गवताचे प्रमाण साधारण वजनाच्या २ टक्के, म्हणजे या घोड्याला ९ किलो वाळलेले गवत. थंडी त्याच्या सोसण्याच्या सीमेखाली गेली, की प्रत्येक अंशामागे त्याची ऊर्जेची गरज सुमारे अडीच टक्क्यांनी वाढते. सीमेपेक्षा ६ अंश खाली पारा गेला तर १५ टक्के वाढ, म्हणजे ९ किलोच्या जागी साडेदहा किलोच्या आसपास. कडाक्याच्या दिवसांत वजनाच्या अडीच टक्क्यांपर्यंत जायला हरकत नाही. हे सगळे काट्यावर तोलून द्यावे. जाळीत गवत भरून ती लटकत्या ताणकाट्याला अडकवली की दहा सेकंदांत वजन कळते. 'दोन पेंढ्या' हे माप नव्हे, कारण एक पेंढी दुसरीच्या दीडपट जड निघू शकते.

वेळही प्रमाणाइतकीच महत्त्वाची. आंबण्याची उष्णता खाल्ल्याबरोबर सुटत नाही, पुढचे कित्येक तास ती हळूहळू मिळत राहते. रात्रीचा सर्वांत थंड प्रहर पहाटेचा असतो. म्हणून दिवसाच्या वैरणीचा मोठा वाटा संध्याकाळी पडला पाहिजे आणि पहाटेपर्यंत समोर काहीतरी चघळायला उरले पाहिजे. सकाळी भरपूर आणि रात्री मूठभर, अशी वाटणी बऱ्याच तबेल्यांत चालते, कारण काम करणाऱ्याला ती सोयीची पडते. घोड्याच्या दृष्टीने ती नेमकी उलटी आहे. पहाटे गव्हाण रिकामी आणि पोटातली शेगडी विझलेली, अशा अवस्थेत तो सर्वांत गार तास उभ्याने काढतो. बारीक भोकांच्या जाळीत गवत भरले तर तेच गवत दीड-दोन तास जास्त पुरते. वादळी पाऊस किंवा थंडीची लाट येणार असे कळले तर वैरण आदल्या संध्याकाळपासूनच वाढवावी. लाट येऊन गेल्यावर वाढवलेल्या वैरणीचा त्या रात्री उपयोग नसतो.

गवत बदलायचे असेल तर सात ते दहा दिवस घेऊन, थोडे थोडे मिसळत बदलावे. पोटातल्या सूक्ष्मजीवांना नव्या खाद्याशी जुळवून घ्यायला तेवढा वेळ लागतो. फार जून, काडीसारखे झालेले गवत पोट भरते, पण ताकद कमी देते आणि पाणी कमी पडले तर आतड्यात अडकते. बुरशी धरलेले, झटकल्यावर धूर उडावा तसे गवत कितीही स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये. हिवाळ्यात दारे-खिडक्या जास्त वेळ बंद असतात आणि ती सगळी बुरशी घोड्याच्या फुप्फुसांत जाते. कोंड्याच्या गरम लापशीबद्दलही सांगायला हवे. ती प्रेमाने दिली जाते आणि घोडा आवडीने खातोही. पण तिच्यातली ऊब तासाभरात संपते, कोंड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असते, आणि आठवड्यातून एकदाच दिलेले अनोळखी खाद्य पोटाला मानवत नाही. तिच्यातून पाणी पोटात जाते, एवढाच तिचा खरा फायदा आहे. तो फायदा रोजच्याच खाद्यात कोमट पाणी घालून मिळवता येतो.

पाण्याकडे हिवाळ्यात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते आणि हिवाळ्यातले पोटशूळ बहुतेक तिथूनच सुरू होतात. कारण साधे आहे. हिरव्या कुरणातल्या गवतात ७० ते ८० टक्के पाणी असते, वाळलेल्या गवतात १० ते १५ टक्केच. म्हणजे थंडीमुळे तहान कमी लागते तेव्हाच घोड्याला पिऊन भागवायचे पाणी कितीतरी जास्त असते. साडेचारशे किलोच्या घोड्याला वाळलेल्या गवतावर दिवसाला २० ते ४० लिटर पाणी लागते. ते बर्फासारखे गार असेल तर तो दोन घोट घेऊन मान वर करतो. पाणी कमी गेले की मोठ्या आतड्यातला चोथा सुकतो आणि जिथे आतडे वळते आणि अरुंद होते, तिथे त्याचा गोळा अडकतो. गवत वाढवले आणि पाणी वाढले नाही, तर हा धोका आपणच ओढवून घेतो. म्हणून वैरण आणि पाणी यांचा हिशोब एकत्रच मांडावा.

पाणी ७ ते १८ अंशांच्या दरम्यान असावे. थर्मामीटर बुडवून एकदा पाहिले की हाताला अंदाज येतो. कोमट पाणी दिले तर घोडे थंडीत स्पष्टपणे जास्त पितात. पण एक बारकावा आहे : शेजारी गार पाणीही ठेवले तर बरेच घोडे गारच निवडतात आणि एकूण कमी पितात. म्हणून कोमट द्यायचे तर त्या वेळी तेवढेच समोर ठेवावे. हौद जमिनीत अर्धा गाडलेला, बाहेरून पेंढ्याने किंवा थर्माकोलने लपेटलेला आणि वर दोन-तृतीयांश भाग लाकडी फळीने झाकलेला असेल, तर रात्रीत फारसा गोठत नाही. गोठलाच तर सकाळ-संध्याकाळ नुसता बर्फ फोडून भागत नाही, तुकडे गाळणीने काढून टाकावे लागतात, नाहीतर तासाभरात पुन्हा साय धरते. विजेवर तापणारा हौद वापरत असाल आणि घोडा अचानक पाण्याला तोंड लावेनासा झाला, तर पहिला संशय गळतीच्या विजेचा घ्यावा. माणसाला जाणवणारही नाही इतका बारीक झटका घोड्याच्या ओल्या नाकाला बसतो आणि नंतर तो हौदाजवळ जायचे टाळतो. अर्थिंग तपासून घ्यावे. 'बर्फ पडलाय, बर्फ चाटेल' यावर विसंबू नये. एक लिटर पाण्यासाठी सुमारे दहा लिटर भुसभुशीत बर्फ लागतो आणि तो वितळवायला खर्च होते ती घोड्याच्याच अंगची ऊब.

मीठ दिवसाला ३० ते ५० ग्रॅम, खाद्यात मिसळून. चाटण्याची वीट थंडीत जिभेला बोचते आणि घोडे ती कमी चाटतात. रोज लीद पाहावी. ८ ते १२ वेळा, ओलसर आणि पडल्यावर फुटणारे गोळे असतील तर पाणी पुरेसे जाते आहे. लीद कमी झाली, गोळे लहान, टणक किंवा वरून चिकट आवरण असलेले दिसू लागले, तर त्याच दिवशी पाण्याची व्यवस्था बदलावी आणि घोड्याने खाणे सोडले तर पशुवैद्याला बोलवावे.

आता केस. हिवाळी केस थंडी पडल्यावर उगवत नाहीत. दिवस लहान होऊ लागले की, म्हणजे उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस सरल्यापासूनच, डोळ्यांत कमी होत जाणाऱ्या प्रकाशावरून शरीर तयारीला लागते. तबेल्यात रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतील तर ही तयारी बिघडते. पैदाशीच्या तबेल्यांत घोड्या लवकर माजावर याव्यात म्हणून मुद्दाम सोळा तासांचा प्रकाश देतात, तेव्हा त्यांचे केसही लवकर झडतात. झुलीशिवाय हिवाळा काढायचा असेल तर रात्री तबेला अंधारात हवा, गरजेपुरताच दिवा लावावा.

या केसांचे काम फक्त लांबीवर चालत नाही. प्रत्येक केसाच्या मुळाशी बारीक स्नायू असतो. थंडी वाजली की तो आखडतो, केस उभे राहतात आणि त्यांच्यात हवेचा थर अडकतो. ऊब धरून ठेवतो तो हा थर. त्वचेतून झिरपणारी चरबी वरच्या लांब केसांना पाणी धरू देत नाही, आणि त्यामुळे पहिल्या सरींचे पाणी वरूनच निथळते. पातळ झूल घातली की उभे राहायचे केस दबतात, थर जातो आणि घोडा झुलीखाली झुलीविना असण्यापेक्षा जास्त गारठू शकतो. झूल घालायची तर दबलेल्या थराची भरपाई होईल इतकी जाड घालावी लागते. दोहोंच्या अधलेमधले काही केले की फसगत होते. बर्फ पडणाऱ्या प्रदेशात घोड्याच्या पाठीवर बर्फ न वितळता साचलेला दिसला की लोक हळहळतात. खरे तर आतली ऊब बाहेर पडत नाही, याची ती खूण असते. पाठीवर बर्फ वितळून पाणी झिरपत असेल तर काळजी करावी.

म्हणून हिवाळ्यात खरारा जपून करावा. चिखल केसांना चिकटला की केस उभे राहू शकत नाहीत, म्हणून तो काढलाच पाहिजे, पण पूर्ण वाळल्यावर, ताठ केसांच्या ब्रशने, वरच्यावर. ओल्या अंगावर ब्रश फिरवला तर पाणी केसांच्या मुळाशी ढकलले जाते. त्वचा लख्ख होईपर्यंत घासणे, साबण लावणे, अंघोळ घालणे हे सगळे वसंतापर्यंत बंद. त्या चकाकीपायी केसांवरची चरबी निघून जाते. गामचीचे, म्हणजे खुराच्या लगेच वरचे, केस, कानांतले केस, शेपटीच्या बुंध्याचे केस कातरू नयेत. वाऱ्याकडे पाठ करून उभा राहिलेला घोडा शेपटी आत ओढतो, तेव्हा मांड्यांमधला जवळजवळ उघडा भाग त्या बुंध्याच्या केसांनीच झाकला जातो.

पाऊस पडून गेल्यावर घोडा भिजला आहे का हे पाहण्याची रीत अशी : पाठीवरचे केस दोन बोटांनी विभागून त्वचेला स्पर्श करावा. वरचे केस ओले आणि त्वचा कोरडी, उबदार असेल तर काही करू नये, त्याला गवतावर सोडावे. त्वचेपर्यंत पाणी पोहोचले असेल तर तो भिजला आहे, मग हवा ८ अंशांची का असेना. कोरड्या उणे ८ पेक्षा वारा-पावसातले अधिक ४ अंश घोड्याला जास्त छळतात. नॉर्वेमध्ये २३ घोड्यांना चिन्हांच्या पाट्या दाखवून 'झूल हवी', 'झूल नको' हे सांगायला शिकवले गेले आणि २०१६ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. चांगल्या हवेत घोड्यांनी झूल नको म्हटले, पावसात आणि गार वाऱ्यात हवी म्हटले. झूल नाकारणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्या उत्तराचा दुसरा अर्धाही ऐकला पाहिजे. पावसात झूल घालायची नसेल तर छप्पर दिलेच पाहिजे.

छप्पर म्हणजे बंद खोली नव्हे. तीन भिंतींची, चौथी बाजू पूर्ण उघडी असलेली पडवी पुरते. तोंड त्या मोसमातल्या मुख्य वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला. एका घोड्याला किमान १२ बाय १२ फूट, दोघांना त्याच्या दुप्पट, आणि पुढची उंची दहा फुटांच्या आसपास. छपराचा उतार मागे असावा, नाहीतर पागोळ्या नेमक्या दारात पडतात आणि उंबऱ्याशी गुडघाभर चिखल होतो. जमीन आजूबाजूपेक्षा निदान सहा इंच उंच, खाली खडी आणि पाण्याला वाट. अरुंद दार ठेवू नये. कळपातला दांडगा घोडा दारात उभा राहिला की दुबळा एकतर आत कोंडला जातो किंवा रात्रभर बाहेर भिजतो, आणि भिजणारा बहुधा तोच असतो ज्याला आडोशाची सर्वांत जास्त गरज असते. पडवी बांधणे शक्य नसेल तर निदान वाऱ्याला आडोसा करावा. भक्कम सलग भिंतीपेक्षा चार-पंचमांश भरीव आणि एक-पंचमांश फटी असलेला फळ्यांचा आडोसा चांगला. सलग भिंतीवरून वारा उसळून पलीकडे भोवऱ्यासारखा खाली येतो. फटींमधून थोडा वारा गेला की तो भोवरा मोडतो आणि आडोशाच्या उंचीच्या आठ-दहा पट अंतरापर्यंत वारा मंदावतो. दाट झाडांची रांगही हे काम करते, पाऊस मात्र थांबवत नाही.

कोरड्या थंडीत घोडे पडवी सोडून बाहेर उभे दिसले तर त्यांना आत हाकलू नये. वारा-पाऊस आला की ते आपण होऊन आत जातात.

जे घोडे रात्री तबेल्यातच असतात त्यांच्या बाबतीत उलटी चूक होते. उबेसाठी सगळी झडपे, फटी बुजवल्या जातात. लघवीतून अमोनिया सुटतो, श्वासातून वाफ, दोन्ही आत कोंडतात. छताच्या पत्र्याला आतून थेंब धरू लागले, की हवा खेळत नाही हे नक्की. घोडा झोपतो त्या उंचीवर वाकून श्वास घ्यावा. आपल्या डोळ्यांना झोंबले तर त्याला रात्रभर झोंबते आहे. घोड्याच्या पाठीच्या वर, वळचणीला आणि आढ्याला वाट ठेवावी. जमिनीलगतचा झोत तेवढा अडवावा. खाली पेंढ्याचे किमान सहा ते आठ इंच जाड अंथरूण, भिंतींच्या कडेला आणखी चढवलेले. घोडा उभ्याने डुलक्या घेतो, पण गाढ झोपेचा एक भाग त्याला आडवे झाल्याशिवाय मिळत नाही. ओल्या, गार जमिनीवर तो आडवाच होत नाही आणि थकत जातो. लीद रोज काढावी, ओला पेंढा काढून कोरडा घालावा.

पायांची काळजी बरेच जण जास्तच करतात. गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतात, हाडे आणि कंडरा, म्हणजे स्नायू हाडांना जोडणारे चिवट दोर, असतात, आणि ते भाग गार राहूनही बिनबोभाट चालतात. पाय किंवा कानांची टोके गार लागली म्हणून घोडा गारठला असे होत नाही. हात लावायचा तो कानांच्या बुंध्याशी आणि कोपराच्या मागे. तिथे ऊब असेल तर ठीक. उगाच पट्ट्या गुंडाळल्या तर त्या ओल्या होतात, आवळतात आणि त्वचा खराब करतात. खूर मात्र रोज साफ करावेत. बर्फाळ जमिनीवर नालाच्या आत बर्फाचा गोळा जमतो आणि घोडा घसरतो.

हिवाळ्यात घोड्याला कामाला लावत असाल तर घामाचा हिशोब आधी करावा. घामाने भिजलेला केस पावसाने भिजलेल्या केसासारखाच निकामी असतो, आणि लांब हिवाळी केस वाळायला दोन-दोन तास घेतात. शेवटची १५ मिनिटे चाल मंद करावी, तंग सैल करून पायी आणावे, वाऱ्याच्या आडोशाला उभे करावे, आणि मूठभर पेंढ्याचा घट्ट पिळलेला बोळा घेऊन छाती, कंबर, जांघा आणि कानांमागे केसांच्या उलट दिशेने चोळावे. चोळताना समोर गवत ठेवावे. त्वचा कोरडी झाल्याशिवाय बाहेर सोडू नये. रोज घाम गाळणारा घोडा मात्र झुलीशिवाय ठेवणे जमत नाही. त्याचे केस कातरावे लागतात आणि कातरलेल्या घोड्याला झूल लागतेच. याच्याशी भांडण नाही. दोन्ही मार्ग एकाच घोड्यावर एकाच हिवाळ्यात चालवू नयेत, इतकेच.

लांब केस अंगाची कसर झाकतात. बाहेरून गुबगुबीत दिसणारा घोडा आतून बरगड्यांवर आलेला असतो आणि ते वसंतात केस झडल्यावर कळते. म्हणून दर पंधरा दिवसांनी हात दाबून मान, खांद्याजवळचा उंचवटा, खांद्यामागचा भाग, बरगड्या, पाठ आणि शेपटीचा बुंधा तपासावा. अंगावरची चरबी जोखण्याच्या १ ते ९ च्या मापात (१ म्हणजे हाडांचा सापळा, ९ म्हणजे अति लठ्ठ) घोडा हिवाळ्यात शिरताना ५ ते ६ असावा : बरगड्या दिसू नयेत, पण हलक्या हाताला लागाव्यात. त्वचेखालची ही चरबीच उबेचा दुसरा थर असते. ७ च्या वर असलेल्या घोड्याला मात्र थंडीच्या नावाखाली वैरण वाढवू नये. त्याने हिवाळ्यात थोडे उतरलेलेच बरे, नाहीतर वसंतातल्या कोवळ्या गवतावर त्याचे खूर धरतात, म्हणजे लॅमिनायटिस होतो. वजन भराभर उतरत असेल तर वैरणीआधी दात पाहावेत आणि लिदीतली जंतांची अंडी तपासून घ्यावीत. धारदार दाढांनी गाल कापले जात असतील तर घोडा चघळलेल्या गवताचे बोळे खाली टाकतो. त्याच्यापुढे दहा किलो गवत ठेवले तरी पोटात चार जाते.

कळपात घोडे एकमेकांच्या आडोशाला उभे राहून ऊब वाचवतात, हा मोठा फायदा. पण गवताचे ढीग घोड्यांच्या संख्येपेक्षा एकाने जास्त आणि एकमेकांपासून चार-पाच मीटर लांब हवेत. नाहीतर शेवटच्या क्रमांकाचा घोडा उपाशी राहतो, आणि थंडी सर्वांत आधी त्यालाच गाठते.

आता ज्यांच्यासाठी हे पत्र लागू नाही ते. नवजात शिंगरू, दात गेलेला म्हातारा घोडा, आजारी किंवा नुकताच आजारातून उठलेला, मापात ४ च्या खाली असलेला, केस कातरलेला, आणि ज्याला छप्परच नाही असा. लांब कुरळे केस झडतच नाहीत असा म्हातारा घोडा अंगाने दणकट वाटतो, पण ते बहुधा ग्रंथींच्या विकाराचे लक्षण असते, त्याला पशुवैद्याला दाखवावे. उष्ण प्रदेशातून नुकत्याच आणलेल्या घोड्याला थंडीशी जुळवून घ्यायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि त्या हिवाळ्यात त्याचे केस अपुरेच राहतात. सायबेरियातले याकूत घोडे उणे ५० मध्ये उघड्यावर राहतात, हे खरे आहे. पण ते ठेंगणे, दाट केसांचे आणि शरद ऋतूत भरपूर चरबी साठवणारे आहेत. त्यांचा दाखला देऊन बारीक कातडीच्या, उंच पायांच्या घोड्याला उघड्यावर ठेवणे अन्याय आहे. गेली वर्षे झुलीत काढलेल्या घोड्याची झूलही भर हिवाळ्यात काढू नये. पुढच्या उन्हाळ्याच्या अखेरीस, दिवस आखूड होत असताना, त्याला झुलीविना राहू द्यावे, म्हणजे केसांना वेळ मिळतो.

घोडा सतत थरथरत असेल, शेपटी घट्ट आत, मान खाली, पाठ कमानदार करून जागचा हलत नसेल, तर तत्त्वज्ञान बाजूला ठेवावे. आत आणावे, पेंढ्याने चोळून कोरडे करावे, गवत आणि कोमट पाणी द्यावे, आणि अंग कोरडे झाल्यावर झूल घालावी. ओल्या अंगावर हवाबंद झूल कधीही घालू नये, वाफ आतच कोंडते. गुदद्वारातले तापमान घ्यावे. ३७.५ ते ३८.५ अंश हे नेहमीचे. ३७ च्या खाली गेले, किंवा अर्ध्या तासात थरथर थांबली नाही, तर पशुवैद्याला फोन करावा.

सर्वांत फसवा काळ मात्र कडाक्याचा नाही, त्यानंतरचा आहे. वर्षातला सर्वांत लहान दिवस उलटला की शरीर केस सोडायच्या तयारीला लागते आणि हिवाळ्याच्या शेवटाला ते मुठी-मुठीने हातात येतात. दिवसा ऊन पडते, माणसाची सावधगिरी संपते, वैरण कमी होते, गवताचा साठाही तळाला गेलेला असतो. तेव्हाच दोन दिवसांचा वारा-पाऊस आला तर अर्धे केस झडलेला घोडा भर हिवाळ्यात गारठला नसेल इतका गारठतो. म्हणून गवताची खरेदी करतानाच शेवटच्या सहा आठवड्यांचा साठा वेगळा काढून ठेवावा, आणि नवे केस पूर्ण येईपर्यंत संध्याकाळची जाळी हलकी करू नये.

आपला,
एक अश्वपालक